पहिला पेला येतो कुठून?

बारावीचा निकाल लागतो. घरात पेढे येतात, आजी देवापुढे साखर ठेवते, नातेवाइकांचे फोन सुरू होतात. संध्याकाळी मुलगा नवा शर्ट घालून निघतो. ‘मित्रांबरोबर पार्टी आहे, जेवायला थांबू नका,’ एवढेच सांगतो. वडील कौतुकाने पाचशेच्या दोन नोटा हातावर ठेवतात. पार्टी म्हणजे पावभाजी, पिझ्झा, शेवटी आइस्क्रीम, असेच त्यांच्या डोळ्यांसमोर असते. रात्री साडेअकराला मुलगा परत येतो. तोंडात भरपूर बडीशेप असते. कुणाकडे न पाहता तो खोलीत शिरतो आणि दार लावून घेतो. आईला काहीतरी खटकते, पण ‘दमला असेल’ असे म्हणून ती स्वतःचीच समजूत घालते.

पुढे कधीतरी प्रकार उघडकीला येतो. घरात रडारड होते, आरडाओरडा होतो आणि बहुतेक घरांत एकच निष्कर्ष निघतो, ‘वाईट संगत लागली.’ मग मित्रांची नावे घेऊन त्यांचा उद्धार होतो, मोबाइल काढून घेतला जातो, बाहेर जाण्यावर बंदी येते. गंमत अशी की त्याच वेळी त्या मित्राच्या घरीही हेच चाललेले असते आणि तिथे ‘वाईट संगत’ म्हणून याच मुलाचे नाव घेतले जात असते.

संगतीचा वाटा असतो, यात शंका नाही. पण मुलाच्या हातात पहिला पेला येण्याआधी त्याच्या मनात दारूबद्दल एक चित्र तयार झालेले असते. ते चित्र कोण रंगवते, त्याला कशाची जोड मिळते आणि पालकांना त्यात किती बदल करता येतो, हे समजून घेणे मित्रांना शिव्या देण्यापेक्षा जास्त उपयोगाचे आहे.

आकडे काय सांगतात?

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्स रुग्णालयातील व्यसनोपचार केंद्राने देशभर केलेल्या सर्वेक्षणाचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. १० ते ७५ वयोगटातील सुमारे १६ कोटी भारतीय, म्हणजे १४.६ टक्के लोक, दारू पितात असे त्यात आढळले. १० ते १७ या वयोगटात हे प्रमाण १.३ टक्के होते. टक्केवारी लहान वाटते, पण देशाच्या लोकसंख्येत तिचा अर्थ होतो सुमारे ३० लाख मुले. ज्या वयात दप्तर, सायकल आणि परीक्षा यांचा विचार व्हायचा, त्या वयातली ही मुले आहेत.

दुसरा अभ्यास गोव्यातला आहे. उत्तर गोव्याच्या शहरी आणि ग्रामीण भागातील पुरुषांना त्यांनी दारू कोणत्या वयात सुरू केली, हे विचारण्यात आले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार, १९५६ ते १९६० दरम्यान जन्मलेल्यांमध्ये किशोरवयातच सुरुवात करणाऱ्यांचे प्रमाण १९.५ टक्के होते. १९८१ ते १९८५ दरम्यान जन्मलेल्यांमध्ये ते ७४.३ टक्क्यांवर गेले. म्हणजे एका पिढीच्या अंतराने पहिला पेला कितीतरी अलीकडे सरकला. ज्यांनी किशोरवयात सुरुवात केली, त्यांच्यात पुढे दारूचे व्यसन, अपघात-दुखापती आणि मानसिक त्रास यांचे प्रमाणही जास्त आढळले.

‘आमच्या वेळीही मुले प्यायचीच की,’ असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. त्यांच्या वेळी बहुतेक जण नोकरीला लागल्यावर प्यायला लागत. आता सुरुवात शाळा-कॉलेजातच होते.

पहिला धडा घरात

मूल तीन-चार वर्षांचे असल्यापासून मोठ्यांचे निरीक्षण करत असते. रविवारी दुपारी बाबांचे मित्र येतात. आतून बर्फ आणायला, कोपऱ्यावरून सोडा आणि चकणा आणायला त्यालाच पिटाळले जाते. बाहेरच्या खोलीत हसणे-खिदळणे चाललेले असते. एरवी गप्प असणारे काका विनोद सांगतात, एरवी रागावणारे बाबा पाठीवर थाप मारतात. मुलाच्या मनात नोंद होते की त्या बाटलीत आनंद आहे आणि ती मोठ्या माणसांची वस्तू आहे. लवकर मोठे होण्याची घाई तर प्रत्येकच मुलाला असते.

घरात रोज भांडणे होत असतील, वडील पिऊन आईवर हात टाकत असतील, तर नोंद वेगळी होते. ‘मी कधीही असा होणार नाही,’ अशी शपथ अनेक मुले मनातल्या मनात घेतात. पण त्रास झाला की माणूस दारूकडे वळतो, हेही त्यांनी त्याच घरात पाहिलेले असते. स्वतःवर कठीण प्रसंग आला की शपथ मागे पडते आणि पाहिलेले पुढे येते. शिवाय आनुवंशिकतेचा भाग आहेच. दारूचे व्यसन लागण्याच्या धोक्यात जवळपास निम्मा वाटा आनुवंशिक असतो, असे जुळ्या भावंडांवरील आणि दत्तक मुलांवरील अभ्यासांतून दिसून आले आहे. याचा अर्थ व्यसनी बापाचा मुलगा व्यसनीच होणार असा नाही. पण त्याने पहिल्या पेल्यापासून इतरांपेक्षा जास्त लांब राहायला हवे, हे खरे.

आणि मग सणसमारंभ. आषाढ संपता संपता येणारी अमावास्या म्हणजे घरातले दिवे उजळण्याचा दिवस. पण ‘गटारी’ म्हणून तो आता जास्त ओळखला जातो. हळदीच्या रात्री, वरातीत, दहीहंडीच्या सरावानंतर, विसर्जनाच्या मिरवणुकीत, थर्टी फर्स्टला, सगळीकडे कुठेतरी आडबाजूला बाटली असतेच. अशा वेळी एखादा मामा किंवा मोठा चुलतभाऊ सोळा वर्षांच्या मुलाला गमतीने म्हणतो, ‘घे रे एक घोट, आता मिसरूड फुटलं तुला.’ सगळे हसतात. त्या मुलाला मात्र आपण आज पुरुषांच्या पंगतीत बसलो असे वाटते.

या गमतीला कायद्यात स्थान नाही. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७७ नुसार, १८ वर्षांखालील मुलाला डॉक्टरच्या सल्ल्याशिवाय दारू देणे हा गुन्हा आहे. त्यासाठी सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. देणारा सख्खा मामा आहे म्हणून कायदा सूट देत नाही.

‘बाहेर पिण्यापेक्षा घरात प्यावं’

सुशिक्षित, सधन घरांत अलीकडे एक नवा विचार रुजला आहे. मुलगा आज ना उद्या पिणारच आहे, मग लपूनछपून बाहेर पिण्यापेक्षा आपल्यासमोर घोटभर बिअर घेतली तर काय बिघडले? त्याला प्रमाणात प्यायची सवय लागेल, असे हे पालक मानतात. त्यांचा हेतू वाईट नसतो.

ही समजूत ऑस्ट्रेलियात तपासून पाहण्यात आली. सुमारे १,९०० मुलामुलींचा त्यांच्या बाराव्या-तेराव्या वर्षापासून सलग सहा वर्षे मागोवा घेण्यात आला. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष स्पष्ट होते. पालकांनी दारू दिल्याने मुलांना कोणतेही संरक्षण मिळाले नाही. उलट अशी मुले पुढे एका बैठकीत भरपूर पिण्याची शक्यता अधिक दिसली, आणि पालकांकडून मिळू लागल्यावर बाहेरूनही मिळवण्याची शक्यता वाढली. घरातून मिळालेली परवानगी मुले घरापुरती ठेवत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ.

‘बिअर म्हणजे काही दारू नव्हे’ हा याच विचाराचा धाकटा भाऊ. हिशेब मांडून पाहावा. आपल्याकडे मिळणाऱ्या ‘स्ट्राँग’ बिअरमध्ये आठ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असते. ६५० मिलिलिटरच्या एका मोठ्या बाटलीत म्हणजे ५२ मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल झाले. व्हिस्की किंवा रममध्ये ते ४२.८ टक्के असते. त्या हिशेबाने एक स्ट्राँग बिअर म्हणजे ३० मिलिलिटरचे चार पेग. ‘फक्त एक बिअर घेतली’ असे सांगणाऱ्या मुलाने प्रत्यक्षात काय घेतले, हे पालकांना आणि बहुधा त्यालाही माहीत नसते.

मेंदू अजून अर्धवट घडलेला

प्रौढ माणसाला जी दारू घातक, ती किशोरवयात जास्त घातक का ठरते, याचे उत्तर मेंदूच्या वाढीत आहे. माणसाची उंची सतराव्या-अठराव्या वर्षी बहुतेक पूर्ण होते, पण मेंदूची जडणघडण पंचविशीपर्यंत चालू राहते. त्यातही मजा, थरार, शाबासकी यांना प्रतिसाद देणारा भाग आधी जोर धरतो. परिणामांचा विचार करणारा, ‘थांब’ म्हणणारा कपाळामागचा भाग सर्वांत शेवटी पक्का होतो. गाडीचे इंजिन जोरात आहे, ब्रेक मात्र अजून बसवायचे आहेत, अशी ही अवस्था. दारूचा पहिला परिणामच मुळी ब्रेक सैल करण्याचा असतो.

अमेरिकेत १९९० च्या दशकात झालेल्या एका मोठ्या राष्ट्रीय पाहणीत असे दिसले, की चौदाव्या वर्षी किंवा त्याआधी पिण्यास सुरुवात केलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के लोक पुढे आयुष्यात कधी ना कधी दारूच्या आहारी गेले. विसाव्या वर्षी किंवा त्यानंतर सुरुवात केलेल्यांत हे प्रमाण सुमारे १० टक्के होते. लवकर सुरुवात करणाऱ्या मुलांच्या घरची परिस्थितीही अनेकदा बिकट असते, त्यामुळे सगळा दोष वयाला देता येणार नाही. तरीही पहिला पेला जितका पुढे ढकलता येईल तितका फायदाच, असे तज्ज्ञ मानतात. आणि हे ढकलणे पालकांच्या आवाक्यातले काम आहे.

मित्र, पैज आणि ‘नाही’ म्हणण्याची भीती

आता संगतीकडे वळू या. चौदा ते अठरा या वयात मुलांना आईवडिलांच्या मतापेक्षा मित्रांचे मत महत्त्वाचे वाटते. हा उद्धटपणा नसून वाढीचा भाग आहे. घरट्यातून बाहेर पडण्याची ती तयारी असते. या वयात एकटे पडण्याची भीती फार मोठी असते.

म्हणून मित्रांच्या घोळक्यात कुणी उघड जबरदस्ती करत नाही, तरी दबाव असतो. ‘बाळ अजून दूध पितं’ एवढा एक टोमणा पुरतो. बरेचदा घोळक्यातल्या प्रत्येकाला वाटत असते की बाकीचे सगळे सराईत आहेत, आपणच तेवढे अडाणी. प्रत्यक्षात दोघा-तिघांचीही तीच पहिली वेळ असते. जगभरच्या पाहण्यांत हे आढळले आहे, की आपले समवयस्क किती पितात याचा अंदाज मुले नेहमी वाढवून करतात. एम्सच्या सर्वेक्षणाचा आकडा उलटा करून वाचला, तर १० ते १७ वयोगटातील सुमारे ९९ टक्के मुले पीत नाहीत. ‘सगळेच पितात’ म्हणणाऱ्या मुलाला हे सांगायला हरकत नाही.

मुलींचा प्रश्न थोडा वेगळा आहे. मोठ्या शहरांतील कॉलेजांत आणि वसतिगृहांत ‘आम्हीही कमी नाही’ हे दाखवण्यासाठी काही मुली पेला उचलतात. मुलाच्या पिण्याकडे ‘वय आहे’ म्हणून कानाडोळा करणारे घर मुलीच्या बाबतीत आकाशपाताळ एक करते. त्यामुळे मुली जास्त लपवतात आणि संकटात सापडल्या तरी घरी फोन करायला धजत नाहीत. शिवाय स्त्रीच्या शरीरात पाण्याचे प्रमाण तुलनेने कमी असल्यामुळे तेवढ्याच दारूने तिच्या रक्तातील अल्कोहोल जास्त वाढते. म्हणजे धोका अधिक आणि मदतीची वाट बंद. मुलगा असो की मुलगी, नियम आणि माया सारखीच असावी.

ताण, एकटेपणा आणि रिकामी संध्याकाळ

सगळीच मुले मजेसाठी पीत नाहीत. गावाकडून शहरात शिकायला आलेला, दहा बाय दहाच्या खोलीत चौघांसोबत राहणारा मुलगा, प्रवेश परीक्षेच्या क्लासमध्ये मागे पडलेला, घरी तोंड दाखवायची लाज वाटणारा मुलगा, आईवडिलांच्या रोजच्या भांडणांनी मिटून गेलेली मुलगी, ही मुले विसरण्यासाठी पितात. मजेसाठी पिणाऱ्यांपेक्षा यांच्याकडे जास्त लक्ष द्यायला हवे. उदासपणा, चिंता किंवा अतिचंचलपणा यांचा त्रास असलेल्या मुलांत व्यसनाचा धोका वाढतो. अशा वेळी मूळ दुखण्यावर उपचार न करता फक्त दारू बंद करण्याचा प्रयत्न बहुधा फसतो.

शाळा सोडून लवकर कामाला लागलेल्या मुलांची परिस्थिती आणखी वेगळी. गॅरेज, वीटभट्टी, हॉटेल, बांधकाम अशा ठिकाणी पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा मोठ्यांबरोबर दिवसभर राबतो. संध्याकाळी शिणवटा घालवायला मोठे जे घेतात, तेच त्याच्यापुढेही येते. ‘कमावता झाला, आता त्याला कोण बोलणार?’ असे म्हणून घरचेही गप्प बसतात.

पडद्यावरचा पेला

पूर्वी हिंदी चित्रपटात दारू बहुधा खलनायकाच्या किंवा प्रेमभंग झालेल्या नायकाच्या हातात असे. आता ती नायक-नायिकांच्या मैत्रीत, यशात, सहलीत सहज दिसते. दिल्लीतील १२ शाळांमधील १२ ते १६ वयाच्या सुमारे चार हजार विद्यार्थ्यांच्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २०१२ मध्ये मांडण्यात आले. चित्रपटांत मद्यपानाची दृश्ये सर्वाधिक पाहणाऱ्या मुलांनी दारू चाखून पाहिलेली असण्याची शक्यता, सर्वांत कमी पाहणाऱ्यांच्या तुलनेत पावणेतीन पट अधिक होती.

दूरदर्शन वाहिन्यांवर दारूच्या थेट जाहिरातींना २००० पासून मनाई आहे. मग कंपन्यांनी त्याच नावाचा सोडा, त्याच नावाचे पाणी, त्याच नावाच्या संगीताच्या सीडी बाजारात आणल्या. जाहिरात सोड्याची, पण मुलाच्याही लक्षात येते की खरी वस्तू कोणती. २०२२ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा आडून केलेल्या जाहिरातींना मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. पण मोबाइलवर मित्रांनीच टाकलेल्या पार्टीच्या फोटोंना आणि चित्रफितींना अशी कोणतीही तत्त्वे लागू होत नाहीत. त्यात पेले दिसतात, दुसऱ्या दिवशीची डोकेदुखी आणि ओकारी दिसत नाही.

मिळते म्हणून पितात

दारूबाबतचे कायदे राज्यागणिक वेगळे आहेत. महाराष्ट्रात कडक मद्यासाठी वयाची अट २५ आणि बिअरसाठी २१ वर्षे आहे. शेजारच्या गोव्यात ती १८ आहे. केरळने २०१७ मध्ये ती २१ वरून २३ केली. गुजरात आणि बिहारमध्ये दारूबंदी आहे. कागदावर हे सगळे ठीक. प्रत्यक्षात दुकानदार किंवा बारवाला वयाचा दाखला कितीदा मागतो, हे सर्वांना ठाऊक आहे.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात भरधाव मोटारीच्या धडकेत मोटारसायकलवरील एक तरुण आणि एक तरुणी असे दोन अभियंते मृत्युमुखी पडले. मोटार १७ वर्षांचा मुलगा चालवत होता आणि त्याआधी त्याला पबमध्ये दारू दिली गेली होती, असा आरोप पोलिसांनी ठेवला. त्याला जामीन देताना अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली गेली, तेव्हा देशभर संताप उसळला. त्या संतापात एक साधा प्रश्न थोडा बाजूला पडला. अल्पवयीन मुलांना टेबल मिळते, दारू मिळते आणि गाडीची किल्लीही मिळते, तेव्हा मोठ्यांपैकी किती जणांनी ‘नाही’ म्हणायचे राहून गेलेले असते?

आइसलंडने काय केले?

हे सगळे वाचून पालक हताश होतील. पण एका देशाचा अनुभव आशा वाटावी असा आहे. आइसलंड हा उत्तर अटलांटिकमधील चिमुकला देश. लोकसंख्या चार लाखांच्याही आत. १९९० च्या दशकात तिथली किशोरवयीन मुले युरोपात सर्वाधिक पिणाऱ्यांत गणली जात. शुक्रवारी रात्री राजधानी रेक्याविकच्या रस्त्यांवर झिंगलेल्या मुलांचे घोळके फिरत. १९९८ मध्ये १५-१६ वर्षांच्या ४२ टक्के मुलामुलींनी सांगितले होते की मागच्या महिन्याभरात ते झिंगेपर्यंत प्यायले होते. २०१६ मध्ये हे प्रमाण ५ टक्क्यांवर आले.

हे भाषणे देऊन झाले नाही. तिथल्या संशोधकांनी आधी शाळाशाळांतून मुलांना प्रश्नावल्या देऊन न पिणारी मुले कशामुळे वेगळी आहेत, हे शोधले. चार गोष्टी ठळकपणे पुढे आल्या. ती मुले आठवड्यातून तीन-चार वेळा खेळ, संगीत अशा एखाद्या शिस्तबद्ध उपक्रमात जात होती. आईवडिलांबरोबर त्यांचा जास्त वेळ जात होता. शाळेत आपली कुणीतरी काळजी करते असे त्यांना वाटत होते. आणि रात्री उशिरा ती बाहेर नसत.

मग या चार गोष्टी सर्वच मुलांना मिळाव्यात अशी व्यवस्था उभी केली गेली. दारू खरेदीचे वय २० आणि जाहिरातींवर बंदी. १३ ते १६ वर्षांच्या मुलांनी हिवाळ्यात रात्री दहानंतर आणि उन्हाळ्यात बारानंतर एकटे बाहेर राहायचे नाही, असा नियम. खेळ आणि छंदवर्गांसाठी सरकारी पैसा. शाळेतल्या पालकांनी एकत्र येऊन करार केले, की कुणीही अल्पवयीन मुलांच्या पार्टीत दारू ठेवणार नाही आणि सगळे एकमेकांच्या मुलांवर लक्ष ठेवतील. १९९७ ते २०१२ दरम्यान, आठवड्यातल्या दिवशी आईवडिलांबरोबर नेहमी वेळ घालवणाऱ्या १५-१६ वर्षांच्या मुलांचे प्रमाण २३ वरून ४६ टक्क्यांवर गेले.

भारत म्हणजे आइसलंड नव्हे. इतका पैसा, इतकी मैदाने आपल्याकडे नाहीत. पण त्या चार गोष्टींपैकी निदान दोन, वेळ आणि संध्याकाळची शिस्त, यांना पैसा लागत नाही. पालकांचे करार तर एखाद्या सोसायटीत, वाड्यात, वर्गाच्या पालकसभेतही होऊ शकतात. चार घरांनी मिळून ‘रात्री साडेनऊ’ ठरवले, तर एकाही मुलाला ‘माझ्याच घरी का?’ असे म्हणता येत नाही.

पालकांनी काय करावे?

बोलणे लवकर सुरू करावे. दहा-अकरा वर्षांच्या मुलाशी दारूबद्दल बोलणे सोपे असते, सतरा वर्षांच्या मुलाशी अवघड. एक मोठे भाषण देण्यापेक्षा बातमी, चित्रपट, शेजारची घटना अशा निमित्ताने दोन-दोन वाक्ये बोललेली बरी. दिवसातून एक जेवण सगळ्यांनी एकत्र आणि मोबाइलशिवाय घ्यावे.

नियम स्पष्ट असावा. ‘या घरात शिक्षण संपेपर्यंत दारू नाही’ एवढे साधे वाक्य पुरते. कुठे जातो, कुणाबरोबर, कधी येणार, हे विचारणे म्हणजे पाळत नव्हे. मुलाच्या मित्रांना घरी बोलवावे, खाऊ घालावे, त्यांच्या आईवडिलांची ओळख करून घ्यावी. हातखर्चाला पैसे द्यावेत, पण हिशेब विचारावा.

‘नाही’ कसे म्हणायचे, हे शिकवावे. ‘उद्या सकाळी मॅच आहे’, ‘औषध चालू आहे’, ‘बाबा दारातच वास घेतात’, अशी तयार उत्तरे मुलांना उपयोगी पडतात. आईवडिलांना खलनायक करून सुटका होत असेल तर तो खलनायकपणा आनंदाने स्वीकारावा.

वडील स्वतः पीत असतील तर? मग मुलाला बर्फ-सोडा आणायला न पाठवणे ही किमान सुरुवात. पिण्याच्या पराक्रमांच्या गोष्टी त्याच्यासमोर रंगवून सांगू नयेत आणि पिऊन गाडी चालवू नये. मुलाने ‘तुम्ही का पिता?’ असे विचारले तर डाफरू नये. ‘मला सोडणं जमत नाही, म्हणूनच तू सुरू करू नयेस असं वाटतं,’ हे खरे उत्तर मुलाच्या मनाला भिडते. सोडणे जमलेच, तर त्यापेक्षा मोठा धडा नाही.

आणि आयांनी एक गोष्ट टाळावी. मुलाचे पिणे समजल्यावर ‘ह्यांना कळलं तर घर डोक्यावर घेतील’ म्हणून ते पदराखाली झाकले जाते. झाकलेले दुखणे वाढतच जाते. दोघांनी आधी आपापसांत बोलून, एकमताने मुलासमोर बसावे.

मूल पिऊन घरी आले तर

त्या रात्री भांडण करू नये. शुद्धीत नसलेल्या मुलाला उपदेश ऐकू जात नाही. त्याला एकटे सोडू नये. कुशीवर झोपवावे, म्हणजे ओकारी झाली तर श्वासनलिकेत जाणार नाही. मुद्दाम उलटी करायला लावणे, लिंबूपाणी किंवा कॉफी पाजणे, थंड पाण्याने आंघोळ घालणे यांनी दारू उतरत नाही, उलट धोका वाढू शकतो. हाका मारूनही जाग येत नसेल, श्वास संथ किंवा अनियमित असेल, अंग गार आणि निळसर पडले असेल, तर ‘लोक काय म्हणतील’ याचा विचार न करता ताबडतोब रुग्णालय गाठावे. महाराष्ट्रात आणि अनेक राज्यांत १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.

बोलायचे ते दुसऱ्या दिवशी, शांतपणे. कधी, कुणाबरोबर, किती, यापेक्षा ‘का’ हा प्रश्न महत्त्वाचा. एकदा चूक झाली म्हणजे मुलगा वाया गेला असे नाही. शिक्षा द्यावी, पण ती ठरावीक मुदतीची आणि समजेल अशी असावी. मारहाणीने आणि चारचौघांत अपमान करण्याने तो पुन्हा त्याच घोळक्यात ढकलला जातो.

पुन्हा पुन्हा तसेच घडत असेल, अभ्यास घसरला असेल, घरातले पैसे कमी होत असतील, जुने मित्र तुटून नवे, अनोळखी मित्र आले असतील, झोप आणि भूक बिघडली असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाची किंवा समुपदेशकाची मदत घ्यावी. केंद्र सरकारची व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ या क्रमांकांवर निःशुल्क दूरध्वनी सेवा आहे. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगणसारख्या केंद्रांनी व्यसन हा आजार आहे आणि तो बरा करता येतो, हे महाराष्ट्राला दाखवून दिले आहे. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या सभा देशातील बहुतेक मोठ्या शहरांत होतात. व्यसनी माणसाच्या कुटुंबीयांसाठीही वेगळे मदतगट आहेत. मदत मागण्यात कमीपणा नाही.

दुकान कुठे असावे, जाहिरात कशी असावी, पबमध्ये कुणाला प्रवेश असावा, हे सरकारने पाहायचे आणि त्यासाठी नागरिकांनी आवाजही उठवायचा. पण संध्याकाळी सात ते दहा या वेळात घरात काय चालते, ते ठरवणे कुटुंबाच्याच हातात आहे. येत्या रविवारी मित्र आले आणि बर्फ संपला, तर मुलाला हाक मारण्याऐवजी स्वतःच उठावे. आणि जमले तर त्या संध्याकाळी बाटली बाजूला ठेवून मुलाबरोबर खाली मैदानावर जावे.